वाघासाठी झाडलेली वाट

पळसवाडीच्या केरबाला सरकारनं जंगल झाडायला ठेवलंय, ही गोष्ट गावाला सोळा वर्षं झाली तरी पचली नव्हती. झाडायला म्हणजे अगदी खराट्यानं. तुराट्यांचा खराटा खांद्यावर टाकून हा बाबा दिवस कलायच्या वेळी डोंगराकडं निघाला, की पारावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "काय केरबा, आज सागाखाली झाडणार का मोहाखाली?" केरबा चिडत नसे. "तुझं डोस्कं सोडून समदीकडं," एवढं म्हणून तो पुढं जाई.

आता थट्टा करणाऱ्यांचंही फार चुकत नव्हतं म्हणा. हिमायतनगर तालुक्याच्या या टोकाला डोंगर उतरतो तिथं शेतं लागतात, शेतं संपतात तिथं पैनगंगा. डोंगरावरच्या जंगलात गाडीवाटा आहेत. त्या वाटांवर ठरावीक अंतरानं माती उकरायची, चाळून मऊ करायची, वर खराटा फिरवून सपाट करायची, आणि घरी येऊन निवांत झोपायचं. रात्री जे जनावर तिथून जाईल ते आपला पाय उठवून जाईल. सकाळी जाऊन तो वाचायचा आणि वहीत लिहायचा. वनमजूर केरबाचं काम एवढंच. त्या मऊ मातीच्या चौकोनाला साहेबलोकांनी इंग्रजी नाव दिलं होतं. केरबा त्याला पाटी म्हणायचा.

आणि चौथी नापास केरबा ती पाटी असा वाचायचा की बास. ससा कुठून उडाला, साळिंदर कुठं दबकलं, रोह्याची मादी, म्हणजे नीलगाय, गाभण आहे की नाही, सगळं सांगायचा. ही विद्या त्याला बापाकडून आली होती. बापानं जन्मभर दुसऱ्याची गुरं राखली आणि हरवलेली गुरं मागावरून शोधली. झाडायचीही एक रीत होती. केरबा उलटा चालत झाडायचा, मागं मागं सरकत, म्हणजे आपलाच पाय पाटीवर उरत नाही. "माणसाच्या पायावर जनावर इतबार करत न्हाई," तो म्हणायचा.

बायकोला हे कौतुक नव्हतं. सरजाबाईनं चाळीस वर्षं त्याच्या संसाराला खांदा दिलेला, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून पोरगी शिकवलेली. पोरगी महामाया आता मुदखेडला नर्स होती. तर सरजाबाईचं एकच गाऱ्हाणं होतं आणि ते ती आल्यागेल्याला ऐकवायची. "घरचं आंगण जल्मात झाडलं न्हाई या माणसानं. आन जंगलाला खराटा मारून राहिला."

दिवाळी झाली आणि आठ दिवसांत तो आला.

केरबानं पहाटेच्या उजेडात पहिल्या पाटीवर पंजा बघितला आणि खराटा टेकून तिथंच उकिडवा बसला. ताटलीएवढा पंजा. चार बोटं, मागं रुंद गादी, नखं आत ओढलेली. चाल मोठी, पण अजून जरा सैलसर. नर होता, तरणा होता, आणि नवखा होता. नदीपलीकडच्या मोठ्या जंगलातून आईपासून सुटा होऊन स्वतःसाठी मुलूख हुडकत निघालेला. केरबाच्या सोळा वर्षांत वाघ दोनदा येऊन गेला होता, पण पाहुण्यासारखा, एका रात्रीपुरता. हा राहिला.

केरबानं वनरक्षक साक्षीला फोन लावला. साक्षी सत्तावीस वर्षांची, लातूरकडची, चाकूर तालुक्यातली. तिकडं जंगल म्हणजे तुरीचं शिवार. नोकरी लागली तेव्हा तिनं सागाचं झाड पहिल्यांदा बघितलं होतं, आणि हे ती स्वतःच हसत सांगायची. फोन झाल्यावर अर्ध्या तासात मोटारसायकल येऊन थडकली. पंजाशेजारी आपला हात ठेवून ती बराच वेळ बघत राहिली.

"मामा, आमच्याकडं वाघ निस्ता पुस्तकात असतो ओ," ती म्हणाली.

"मॅडम, पुस्तकातला बरा. ह्यो लई हुशार दिसून राहिला."

आणि हुशार तरी किती असावा! साक्षीनं वाटेवर दोन झाडांना कॅमेरे बांधले. पहिल्या फेरीला वाघाचा फोटो आला, अंगभर पट्टे, डोळे चमकलेले. दुसऱ्या फेरीला नुसतं शेपटीचं टोक आलं. तिसऱ्या फेरीला तेही नाही. केरबानं माग काढला, तर गडी कॅमेऱ्याच्या झाडाला मागून वळसा घालून गेलेला. डांबरी रस्ता तो शेवटची एसटी गेल्यावरच ओलांडायचा. एकदा एसटी पंक्चर होऊन तासभर उशिरा आली, तर तो तेवढा वेळ कडेच्या एरंडीत बसून राहिला. बसल्याची खूण केरबानं साक्षीला दाखवली. आदिलाबादकडं जाणाऱ्या रुळावर तर त्यानं पाऊलच टाकलं नाही. रुळाखाली पावसाच्या पाण्याची मोरी आहे, ती त्यानं आठवड्यात शोधून काढली आणि पुढं तीच वापरली. गावातलं वासरूसुद्धा त्यानं उचललं नाही. डोंगरात डुकरं आणि रोही मुबलक होते, तेवढ्यावर त्याचं भागायचं.

"आपल्या गावातल्या निम्म्या लोकाला रूळ कुठून वलांडावा ते अजून कळत न्हाई," केरबा घरी सांगायचा. "आन ह्याला कुणी शिकवलं?"

"तुमाला तरी कुटं कळतंय," सरजाबाई म्हणायची.

इथवर सगळं ठीक होतं. चुकलं ते पुढं, आणि चुकलं ते केरबाचंच. तेही मायेपोटी.

त्या दिवसांत सरजाबाई दगडोबाच्या शेतात कापूस वेचायला जात होती. दगडोबाचं शेत जंगलाला अगदी लागून. बांधाशेजारून एक गाडीवाट डोंगरातून खाली येते आणि पुढं नदीकडं जाते. वाटेवर दोन्ही बाजूंनी बाभळी, खाली काट्यांचा सडा. सरजाबाईच्या उजव्या चपलेचा तळ गेलेला, त्याला तिनं टायरचा तुकडा ठोकून घेतलेला. एका संध्याकाळी दिव्याखाली बसून ती सुईनं पायातला काटा काढत होती.

"जंगलाला खराटा, आन बायकोच्या पायाला बाभळीचे काटे," ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "वाघाचं नशीब बरं माज्यापरीस."

लागलं ना ते केरबाला. दुसऱ्या दिवसापासून जंगलाचं काम उरकलं की तो जंगलाच्या हद्दीच्या दगडापासून खाली दगडोबाच्या बांधापर्यंतची वाटही झाडू लागला. नेहमीच्या सवयीनं, उलटा सरकत, काटा न् काटा बाजूला सारून. सरजाबाई चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी त्याच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा आला. चाळीस वर्षांच्या संसारात आभार मानायची पद्धत अशीच असते.

पण तळवे काय बायकोलाच असतात? वाघालाही असतात. इतका मोठा, इतका बलदंड, पण पाय मांजराचे, मऊ. काट्याकुट्यातून जायची त्याला हौस नसते. झाडलेली, मऊ, मोकळी वाट मिळाली की तो तीच धरतो. सोळा वर्षं जनावरांचे पाय वाचणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण ती वाट झाडताना त्याच्या डोळ्यांसमोर वाघ नव्हताच, एक टायर ठोकलेली चप्पल होती.

डिसेंबरातला बुधवार होता. केरबा पाट्या वाचत हद्दीच्या दगडापर्यंत आला आणि त्याला दिसलं की पंजे तिथं थांबले नाहीत. ते खाली उतरले होते, दगडोबाच्या बांधाकडं, त्यानंच झाडलेल्या वाटेवरून.

त्याच वाटेवर सरजाबाईची चप्पल उमटलेली होती. टायरच्या तुकड्याच्या तीन रेघा लख्ख दिसत होत्या. दव आहे तोवर कापूस वेचायचा म्हणून ती तांबडं फुटताच गेली होती. आणि पंजे त्या चपलेच्या वर होते. वर म्हणजे नंतर. म्हणजे ती पुढं गेली होती आणि तो मागून निघाला होता.

केरबानं हातातला खराटा टाकला. तो पळत सुटला. बांध आला, कापूस आला, आणि कापसात वाकलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली सरजाबाई दिसली. पोटाशी ओटी बांधून ती शेजारणीशी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होती. केरबा धापा टाकत बांधावर बसला. तिनं मान वर करून बघितलं.

"कामून आले?"

"काही न्हाई. आसंच."

"आसंच?" ती शेजारणीकडं वळली. "बग गं, आज सूर्य कुटं उगवला."

धाप कमी झाल्यावर केरबा उठला आणि परत वाटेवर गेला. आता त्यानं सावकाश वाचलं. वाघ तिच्यामागून चाळीस-पन्नास पावलं चालत आला होता. तिच्यासाठी नव्हे, नदीवर जायला. वळणावरच्या बाभळीपाशी त्याला ती दिसली असणार. तिथं तो थांबला. मग बसला. मागच्या पायांची बैठक, पुढचे दोन पंजे जोडून ठेवलेले, शेपटी मातीत एकदा इकडं, एकदा तिकडं फिरलेली. बराच वेळ बसला होता, माती दबून घट्ट झाली होती. शेजारीण तेव्हा अजून यायची असणार; समोर एकटी बाई, पाठमोरी, वाकलेली. वाकलेल्या माणसाला जनावर माणूस समजत नाही, हे जंगलात फिरणारं पोरगंसुद्धा सांगेल. घोटाळा व्हायला सगळी जागा होती. पण तो उठला आणि मागं फिरला. एवढी मऊ वाट सोडून बाजूच्या नाल्यात उतरला, दगडगोट्यांतून, काट्यांतून मोठा फेरा घेऊन नदीला गेला. नाल्यातल्या एका दगडावर केरबाला रक्ताचा एवढासा ठिपका दिसला. काटा लागला होता त्याला.

केरबा त्या बैठकीच्या खुणेसमोर उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि कुणी बघत नव्हतं म्हणून त्यानं ते पुसलेही नाहीत. आभार मानायचे होते, पण मानायचे कसे? दगडोबा असता तर वेशीवरच्या वाघोबाच्या दगडाला नारळ फोडून मोकळा झाला असता. केरबाच्या आजानं छप्पन्न सालीच हे सगळं सोडलेलं. घरात बुद्ध आणि बाबासाहेब, दगडाला शेंदूर नाही. मग वाटेत भला माणूस भेटला की आपण जे म्हणतो तेच तो म्हणाला. छातीशी हात नेऊन, हळू आवाजात.

"जय भीम."

संध्याकाळी घरी सरजाबाई भाकरी थापत होती आणि केरबा टक लावून तिच्याकडं बघत होता.

"काय बगून राहिले? कवा बायको पायली न्हाई का?"

मग त्यानं सांगितलं, दगडावरच्या रक्ताच्या ठिपक्यापर्यंत सगळं. तव्यावरची भाकर करपली तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"म्हंजे तो माज्या पाठीशी बसला व्हता?"

"हाव."

"आन तुमी बांधावर येऊन म्हणले, आसंच?"

"तुला तितं सांगितलं आसतं तर तू भ्याली आसतीस."

"आन आता मी काय नाचून राहिले का?" तिनं करपलेली भाकर काढून त्याच्याच ताटात टाकली. मग म्हणाली, "उपाशी नसंल तो."

"उपाशी आसंल न्हाई तर पोट भरलेला आसंल, ते मला कुटं मालूम. पर त्यानं वाट सोडली. तू पुढं व्हतीस म्हणून त्यानं वाट सोडली."

चूल विझत आली तरी सरजाबाई तिथंच बसून होती.

आता पंजे काय एकट्या केरबालाच दिसतात? दगडोबानंही बघितले. दगडोबा माणूस वाईट नाही. दोघं एका वर्गात होते, फरक इतकाच की दगडोबा चौथी पास झाला. पण आपल्याकडं शेतीची वीज आठवडाभर दिवसा येते आणि आठवडाभर रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात एकट्यानं जावं लागतं. त्यात डुकरांचा त्रास. गेल्या वर्षी त्याचा दोन एकर हरभरा डुकरांनी नांगरून काढला होता. गुरुवारी केरबानं बघितलं, दगडोबाच्या खोपटाजवळ तारेचं मोठं भेंडोळं येऊन पडलेलं. बांधावर खुंट्याही ठोकलेल्या.

केरबाला सांगायची गरज नव्हती. तार बांधाभोवती वीतभर उंचीवर फिरवायची, रात्री लाईन आली की खांबावर आकडा टाकायचा. डुक्कर चिकटतं. पण तार कुणाला ओळखत नाही. शेजारच्या शिवारात दोन वर्षांपूर्वी एक गडी स्वतःच्याच तारेला चिकटून मेला होता.

"दगडोबा, हे नगं," केरबा म्हणाला. "वाघ आल्यापासून तुज्या हरभऱ्यात एक तरी डुक्कर शिरलं का? बग की रान फिरून. त्यो तुजी राखण करून राहिला."

"आन मी रातच्याला पाणी द्यायला गेल्यावर माजी राखण कोण करतंय? तू?"

"तो माणसाला वाट देतो. म्या डोळ्यानं वाचलंय."

"तू वाच बाबा. मला तेवढं वाचता येत न्हाई." दगडोबानं तोंड फिरवलं. "आइतवारपासून रातची लाईन हाय."

केरबानं साक्षीला सांगितलं. ती गेली, समजावलं, कायदा सांगितला, गुन्हा दाखल होतो तेही सांगितलं. दगडोबानं हात जोडले. तार तर काटेरी कुंपणासाठी आणलीय, मॅडम, म्हणाला. साक्षी परत आली ती कपाळाला आठ्या घेऊन. "मामा, मी रात्री गस्त घालीन, पण दहा शिवारं हायत माज्याकडं. एका बांधावर रातभर कशी बसू?"

केरबा हिशेब करत होता. वाघ चौथ्या-पाचव्या दिवशी डोंगरातून नदीवर उतरायचा, हे त्याला पाट्यांनी शिकवलं होतं. बुधवारी गेला. म्हणजे पुढची फेरी रविवारी रात्री. लाईन रविवारी रात्री. ज्यानं आपल्या बायकोसाठी वाट सोडली, तो आपणच झाडलेल्या वाटेवरून त्या तारेवर जाणार. शुक्रवारी पहाटे केरबा उठून बसला तेव्हा एक गोष्ट त्याच्या डोक्यात स्वच्छ झाली होती. जो मऊ वाटेनं आला तो मऊ वाटेनंच जाईल. वाट आपण दाखवली, आता दुसरी आपणच दाखवायची.

बेत साधा होता. हद्दीच्या दगडापासून बांधाकडं जाणारी वाट बाभळीचे काटे टाकून बंद करायची. तिथूनच नाल्याच्या कडेनं, शेतांच्या मागून, पळसाच्या दाटीतून थेट नदीच्या उतारापर्यंत नवी वाट झाडून काढायची. तीन दिवसांत पाऊण कोस.

"पर तुज्या वाटेवर पुन्ना काटे येतील," तो सरजाबाईला म्हणाला.

"टाका," ती म्हणाली. "माजे पाय काय नवे हायत का काट्याला."

शुक्रवारी त्यानं काटे तोडून टाकले आणि नाल्याची कड झाडली. शनिवारी पळसाच्या दाटीपर्यंत आला. आणि शनिवारीच संध्याकाळी, टाकलेल्या काट्यांतली एक फांदी सरकवताना त्याच्या टाचेत काटा घुसला तो मोडूनच आत राहिला. रविवारी सकाळी पाय भोपळ्यासारखा सुजला होता, अंगात ताप होता, आणि पळसापासून उताराचा शेवटचा तुकडा झाडायचा राहिला होता. केरबा उठायला गेला आणि भिंतीला धरून खाली बसला. त्या शेवटच्या तुकड्यात नुसत्या काटेरी बोराट्या. वाट तिथं तुटली, तर वाघ मागं फिरून ओळखीची जुनी वाट धरणार, काटे ओलांडून का होईना.

सरजाबाईनं कोपऱ्यातला खराटा उचलला.

"तू कुटं निगालीस?"

"आंगण झाडायला," ती म्हणाली. "तुमचं."

तिनं साक्षीला बोलावून घेतलं. भर दुपारी दोघी पळसाच्या दाटीत शिरल्या, साक्षी काठी घेऊन पुढं, सरजाबाई खराटा घेऊन मागं. केरबा घरी पडून तळमळत होता. रीत सांगायची राहिली, हे त्याला त्या गेल्यावर आठवलं. उलटं सरकत झाडायचं असतं. अंगण झाडणारी बाई कचरा पुढं लोटत जाते, आणि तिची पावलं मागं तशीच राहतात. त्यानं फोन लावला, तर साक्षीचा फोन लागेना. नदीकाठाला रेंज कुठली.

दिवेलागणीला सरजाबाई नदीकाठच्या वाटेनं परत आली. हाताला बोराट्यांचे ओरखडे, केसांत पाचोळा.

"झाडली. उतारापातूर. चुलीपुडं झाडावी तशी झाडली."

"सुलटी का उलटी?"

"आता खराट्याला बी सुलट-उलट आस्तंय का?"

केरबानं डोळे मिटून घेतले. त्या रात्री लाईन आली, दगडोबाच्या मोटारीचा आवाज गावापर्यंत ऐकू आला, आणि केरबाचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी उजाडताच तो काठी टेकत निघाला. एका बाजूला सरजाबाई, दुसऱ्या बाजूला साक्षी. वाटेत आधी दगडोबाचा बांध लागला. दगडोबा तारेपाशी उभा होता. आकडा काढलेला, तोंड उतरलेलं. तारेला एक मुंगूस चिकटलं होतं, काळं पडलेलं. तिथून दहा पावलांवर कापसाची पहिली ओळ. सरजाबाई आणि शेजारीण रोज पहाटे तिथूनच आत शिरायच्या.

"आकडा काढायला उशीर झाला," दगडोबा म्हणाला. "थंडीत डोळा लागला. जाग आली तवा उजाडलं व्हतं. वयनी आज आधी आल्या आसत्या तर..."

साक्षीनं मुंगसाचा फोटो काढला, तार आणि आकडा ताब्यात घेतला आणि सांगितलं, कागद करावा लागेल, काका. दगडोबानं या वेळी हात जोडले नाहीत. नुसती मान हलवली आणि स्वतःच खुंट्या उपटायला लागला. त्याच्या मागं हरभरा सरळ, भरघोस उभा होता. डुकरानं एक ढेकूळ उलटवलेलं नव्हतं.

बांधावर पंजा नव्हता. केरबा हद्दीच्या दगडाकडं गेला. तिथं होता. वाघ दोन वाटांच्या तोंडाशी उभा राहिला होता. एक पंजा जुन्या वाटेवर, काट्यांच्या अगदी अलीकडं, अर्धवट टेकून परत उचललेला. मग वळला होता. नाल्याच्या कडेनं, मऊ मातीवरून, एकसारखी पावलं टाकत गेला होता. केरबा लंगडत पुढं, दोघी मागं. पळसाची दाटी आली. इथून पुढं सरजाबाईनं झाडलेलं.

आणि केरबाला भीती होती तेच झालेलं. झाडलेल्या वाटेच्या मधोमध उतारापर्यंत सरजाबाईची चप्पल उमटलेली. डावी साधी, उजवीला टायरच्या तीन रेघा. एखादं जनावर हे बघून, हुंगून तिथूनच माघारी फिरलं असतं.

वाघ फिरला नव्हता. पहिल्या चपलेपाशी तो थांबला होता, नाक खाली घातलं असावं, मिशांच्या दोन बारीक रेघा मातीवर दिसत होत्या. मग पुढं निघाला होता, चपलेच्या शेजारून. सगळ्या वाटेवर, जवळजवळ तीनशे पावलं, चपलेच्या बाजूला पंजा आणि पंजाच्या बाजूला चप्पल. एकाही चपलेवर त्यानं पाय दिला नव्हता. बाजारच्या दिवशी दोन माणसं बोलत जावीत तशी ती पावलं नदीपर्यंत गेली होती.

"मामा," साक्षी हळूच म्हणाली, "त्यानं मावशीला वळखलं आसंल का ओ?"

सोळा वर्षं केरबानं पायांवरून ओझं ओळखलं, भूक ओळखली, घाई ओळखली. मनात काय होतं ते पाटीवर उमटत नाही. पण त्याचे डोळे भरले, आणि या वेळी बघायला दोघी होत्या तरी त्यानं ते लपवले नाहीत. एका जनावरानं त्याची बाई त्याला परत दिली होती, आणि आज तीच बाई त्या जनावराला सुखरूप पोचवून आली होती. यापेक्षा जास्त आपल्याला काही मिळायचं बाकी आहे, असं त्याला वाटलं नाही.

उतारावर चप्पल थांबली होती. पंजे पुढं ओल्या वाळूतून पाण्यात गेले होते. पलीकडच्या काठावर जंगल सुरू होत होतं, धुक्यात अर्धं दिसणारं. सरजाबाई तिथं उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर सारखा केला. नवऱ्याला जन्मभर जंगलाच्या खराट्यावरून बोलणाऱ्या त्या बाईनं छातीशी हात नेला आणि पाण्यापलीकडं बघून म्हणाली, "जय भीम, भाऊ."

मग माहेरच्या माणसाला वेशीवरून सांगावं तसं म्हणाली, "सावकाश जा. पायाला काटा लागलाय तुज्या."